वायुसैनिकांचे पुनर्मीलन आणि वऱ्हाडची सैनिकी स्मृती

(१) विषयप्रवेश

लढाया, तह आणि सेनापती यांच्या वृत्तांतांनी सैन्याचा इतिहास भरलेला असतो. ते सैन्य ज्यांच्या श्रमांवर उभे होते ती माणसे सेवेतून मुक्त झाल्यावर कोठे गेली, त्यांनी परस्परांना कसे शोधून काढले आणि पुन्हा एकत्र येण्यासाठी कोणते मार्ग योजले, हा प्रश्न इतिहासकाराने क्वचितच विचारला आहे. वास्तविक माजी सैनिकांचे मेळावे ही केवळ जुन्या स्नेह्यांची करमणूक नव्हे. जी संघटना कागदोपत्री सरकारची असते ती माणसांच्या मनात कशाच्या आधारे टिकून राहते, याची कसोटी अशा मेळाव्यात लागते. प्रस्तुत निबंधात हवाई दलातून निवृत्त झालेल्या सैनिकांच्या पुनर्मीलनाचा विचार अमरावती व अकोला या वऱ्हाडातील दोन जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे.

वऱ्हाड हा हवाई दलाचा प्रदेश म्हणून प्रसिद्ध नाही. नागपूरला दलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालय आहे, पुण्याला लोहगावचा तळ आहे, नाशिकजवळ ओझरला विमानांचा कारखाना आणि दुरुस्तीचे आगार आहे. वऱ्हाडात यांपैकी काही नाही. नेमक्या याच कारणामुळे हा प्रदेश प्रस्तुत अभ्यासास उपयुक्त ठरतो. जेथे तळ आहे तेथे निवृत्त सैनिक तळाच्या आसपास वसाहत करून राहतो आणि त्याची जुनी ओळख आपोआप टिकते. जेथे तळ नाही तेथे तो गावात एकटा परततो, आणि त्याला आपले साथीदार शोधावेच लागतात.

(२) पलटण आणि स्क्वाड्रन

वऱ्हाडचा लष्कराशी असलेला संबंध जुना, पण विलक्षण आहे. १८५३ च्या तहाने निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या हवाली केला तो ‘हैदराबाद कंटिन्जंट’ या फौजेच्या खर्चासाठी. या फौजेची एक छावणी एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला होती. १९०२ च्या करारान्वये वऱ्हाड वार्षिक २५ लक्ष रुपयांच्या खंडावर कायमचा इंग्रजांकडे गेला आणि १९०३ साली मध्यप्रांतास जोडला गेला. त्याच सुमारास कंटिन्जंटचेही हिंदी सैन्यात विलीनीकरण झाले. म्हणजे जवळजवळ अर्धशतक वऱ्हाडच्या कापसाच्या जमिनीचा सारा एका फौजेच्या पोषणार्थ खर्ची पडत होता. त्या फौजेची भरती मात्र मुख्यत्वे बाहेरची होती. फौजेला पोसणाऱ्या या प्रांताला स्वतःची म्हणता येईल अशी पलटण नव्हती.

विसाव्या शतकात या स्थितीत फरक पडला. १९१७ साली कामठी येथे १११ वी महार पलटण उभी राहिली, पण ती १९२१ मध्ये मोडण्यात आली. पुढे ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावास आहेच. या पलटणींतून निवृत्त झालेला शिपाई ज्या समाजातून भरती झाला त्याच समाजात परततो. त्याच्याच गावात, शेजारच्या गावात किंवा सोयऱ्यांच्या घरी त्याच्या पलटणीतला कोणी ना कोणी असतोच. लग्नात, यात्रेत, बाजाराच्या दिवशी त्यांची भेट घडते. पायदळातील शिपायाचे पुनर्मीलन हे अशा रीतीने ग्रामजीवनात अंतर्भूत झालेले असते, त्यासाठी स्वतंत्र योजनेची गरज भासत नाही.

हवाई दलाची घडण याहून मूलतः भिन्न आहे. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी कायद्याने हे दल अस्तित्वात आले आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोड येथे त्याच्या पहिल्या स्क्वाड्रनची पहिली तुकडी उभी राहिली. चार वापिती विमाने, इंग्लंडमध्ये शिकून आलेले सहा अधिकारी आणि एकोणीस ‘हवाई सिपाही’ एवढाच तिचा संभार होता. महायुद्ध संपेपर्यंत हे दल नऊ स्क्वाड्रनांचे झाले आणि त्याची संख्या सुमारे २८,५०० वर गेली. तीत अधिकारी सुमारे १,६०० होते. पायदळातल्याप्रमाणे जातवार अथवा प्रदेशवार पलटणी रचण्याची पद्धत या दलाने स्वीकारली नाही. इंजिन, विद्युत्, शस्त्रे, बिनतारी यंत्र, धातूकाम अशा कसबांनुसार माणसांची वाटणी झाली. एका स्क्वाड्रनमध्ये वऱ्हाडचा तरुण असे तेव्हा त्याच्या एका बाजूस मलबारी व दुसऱ्या बाजूस पंजाबी असे.

या रचनेचा परिणाम निवृत्तीनंतर दिसतो. दर्यापूर किंवा मूर्तिजापूर तालुक्यातील एखादा माजी वायुसैनिक गावी परतला म्हणजे त्याच्या स्क्वाड्रनमधील दुसरा माणूस पंचक्रोशीत नसतो. तो कोल्लमला, जालंधरला किंवा कटकला असतो. ज्याच्याबरोबर त्याने पंधरा-वीस वर्षे काढली त्याची भाषा, जात, गाव यांपैकी काहीही त्याच्या गावाशी जुळत नाही. पायदळातील स्मृती गावात मुरते, हवाई दलातील स्मृती देशभर विखुरते. म्हणून पुनर्मीलनाची ‘योजना’ करण्याची गरज प्रथम वायुसैनिकास पडली, हे या निबंधाचे पहिले प्रतिपादन होय.

(३) शब्दाचा अभाव आणि त्याचे परिणाम

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो, व तो केवळ कोशकाराचा प्रश्न नाही. ‘पलटण’ व ‘रिसाला’ हे शब्द परकीय असूनही मराठीत इतके मुरले आहेत की त्यांचे परकेपण कोणास जाणवत नाही. ‘सुभेदार’, ‘हवालदार’, ‘जमादार’ या पदव्या तर निवृत्तीनंतर माणसाच्या नावाचाच भाग होतात. गावात ‘सुभेदारसाहेब’ म्हटले की कोणाविषयी बोलणे चालले आहे हे लहान मुलासही कळते, आणि पुष्कळदा पुढच्या पिढीचे घरही त्याच नावाने ओळखले जाते.

हवाई दलात प्रारंभी ‘हवाई सिपाही’ हे नामाभिधान अधिकृत होते. ते हिंदुस्थानी भाषेतले असल्याने कोणत्याही गावकऱ्यास समजण्याजोगे होते. परंतु पुढे ब्रिटिश हवाई दलातील दर्जे व त्यांची नावे स्वीकारण्यात आली आणि ‘एअरक्राफ्ट्समन’, ‘कॉर्पोरल’, ‘सार्जंट’, ‘वॉरंट ऑफिसर’ ही नावे रूढ झाली. १२ मार्च १९४५ रोजी दलास मिळालेले ‘रॉयल’ हे उपपद २६ जानेवारी १९५० रोजी गळून पडले, दर्जांची नावे मात्र इंग्रजीच राहिली. त्यांतील एकही नाव मराठीत संबोधन होऊ शकले नाही. ‘ज्युनियर वॉरंट ऑफिसर’ म्हणून निवृत्त झालेल्या मनुष्यास गाव काय म्हणणार? ‘मिलिटरीत होता’ एवढ्या मोघम वाक्यात त्याची वीस वर्षे सामावून जातात.

याहून मोठी अडचण ‘वैमानिक’ या शब्दाची आहे. संस्कृतातील ‘विमान’ शब्दावरून तो आला आणि मराठीत त्याचा अर्थ ‘विमान चालविणारा’ असा स्थिर झाला. विमानास चालविणारा एक असतो आणि ते चालते ठेवणारे अनेक असतात. वर दिलेल्या युद्धकालीन आकड्यांवरून पाहता दर अधिकाऱ्यामागे सुमारे सतरा इतर माणसे होती, आणि अधिकाऱ्यांपैकीही सर्वच जण विमाने चालवीत नव्हते. या सतरांना मराठीत सर्वमान्य असा शब्द नाही. ‘वायुसैनिक’ हा शब्द ग्रंथात चालतो, पण बोलण्यात रुळलेला नाही. प्रस्तुत निबंधात तो निरुपायाने वापरला आहे. परिणाम असा होतो की, अमुक गृहस्थ ‘एअरफोर्समध्ये होते’ असे सांगताच ऐकणारा ‘विमान चालवीत होते काय?’ असा प्रश्न करतो आणि ‘नाही’ असे उत्तर मिळताच त्याचे कुतूहल संपते.

सरकारी शब्दव्यवहारातही एक लक्षणीय बदल झाला. माजी सैनिकांच्या कल्याणार्थ स्थापन झालेल्या मध्यवर्ती मंडळाच्या नावात १९४४ पासून सोल्जर्स, सेलर्स व एअरमेन असे तीन वर्ग स्वतंत्रपणे उल्लेखिले जात होते. १९७५ साली त्याचे ‘केंद्रीय सैनिक बोर्ड’ असे नामकरण झाले. त्या व्यवस्थेचा जिल्हा पातळीवरील भाग अमरावती व अकोला येथे आज ‘जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय’ या नावाने चालतो. नाव सुटसुटीत झाले, तिन्ही दलांस एका शब्दाने समान मानले गेले, हे योग्यच झाले. तथापि नावातून वर्ग गळाला की कल्पनेतूनही तो गळू लागतो, हा भाषेच्या अभ्यासकांचा नित्याचा अनुभव आहे.

या अभावाचे एक उदाहरण वऱ्हाडच्या अभिमानाचा विषय झालेल्या घटनेतही सापडते. अमरावतीशी निकटचा संबंध असलेल्या व १९९१ मध्ये त्या मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेलेल्या प्रतिभाताई पाटील यांनी राष्ट्रपती या नात्याने २५ नोव्हेंबर २००९ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, लोहगाव तळावरून सुखोई विमानातून उड्डाण केले. ही घटना वऱ्हाडात सर्वांच्या स्मरणात आहे. ते विमान ज्यांनी पहाटेपासून तपासले त्यांची आठवण कोणास नाही, आणि ती नसणे हे स्वाभाविकच मानले जाते.

(४) फॉर्म ७०० : नात्याचा पाया

वायुसैनिक जात, गाव आणि भाषा यांच्या आधाराशिवाय एकत्र येतात ते कशाच्या बळावर, याचे उत्तर त्यांच्या कामाच्या पद्धतीत शोधले पाहिजे. प्रत्येक विमानाबरोबर एक नोंदवही असते. ब्रिटिश हवाई दलातून आलेले तिचे नाव ‘फॉर्म ७००’ असे आहे. इंजिन, विद्युत्, शस्त्रे, उपकरणे, बिनतारी यंत्र या प्रत्येक कसबाचा माणूस आपापला भाग तपासतो आणि तो निर्दोष असल्याबद्दल सही करतो. सर्व सह्या झाल्यानंतरच वैमानिक आपली सही करून विमान ताब्यात घेतो. उड्डाणाहून परतल्यावर आढळलेला दोष तो तीच वही उघडून लिहितो. दोषास या मंडळींच्या भाषेत ‘स्नॅग’ म्हणतात. तो दूर झाल्याची सही पुन्हा ज्याच्या त्याच्या नावाने होते.

वरवर पाहता ही कारकुनी बाब आहे. परंतु तिचा आशय असा की, अधिकारी आपले प्राण एका कॉर्पोरलच्या सहीवर विसंबून ठेवतो, आणि तो कॉर्पोरल आपल्या शेजाऱ्याच्या सहीवर विसंबतो. विमान परत आले नाही तर पहिली चौकशी या वहीची होते. अशा व्यवस्थेत वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसांमध्ये जे नाते उत्पन्न होते ते दर्जाच्या उतरंडीत पूर्णपणे बसत नाही. सेवेत असताना अधिकाऱ्यांचा व इतरांचा भोजनकक्ष वेगळा असतो, वसतिस्थान वेगळे असते. मेळाव्यात मात्र दोघे एका पंक्तीस बसतात. हे औदार्य नव्हे, सहीने बांधलेल्या नात्याची ती उशिरा मिळालेली सामाजिक मान्यता होय.

तरीसुद्धा स्मृतीच्या बाबतीत समता नाही. रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या छावणीतून १३ ऑगस्ट १९७२ रोजी दिलीप परुळकर यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह केलेल्या धाडसी पलायनाची हकीकत ग्रंथरूपाने उपलब्ध आहे. हृषीकेश मुळगावकर, अनिल टिपणीस, नागपूरचे प्रदीप नाईक व नांदेड जिल्ह्यातील विवेक राम चौधरी हे मराठी भाषिक दलाच्या सर्वोच्च पदावर पोहोचले, त्यांचे चरित्र नोंदले गेले आहे. हे यथायोग्य आहे. पण ज्यांच्या सह्या फॉर्म ७०० वर होत्या त्यांचे चरित्र त्या वहीबरोबरच काही काळाने निकालात निघते, कारण वापरातील नोंदवह्या कायम जपल्या जात नाहीत. त्यांचा इतिहास असलाच तर तो त्यांच्या परस्परांविषयीच्या आठवणींत आहे. मेळाव्याचे ऐतिहासिक महत्त्व ते हेच.

(५) क्रमांकाचे कुलवृत्त

पुनर्मीलन कोणाचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पलटणीस केंद्र असते, ध्वज असतो, भरतीचा प्रदेश असतो. स्क्वाड्रन आज एका तळावर तर पाच वर्षांनी दुसऱ्या तळावर असतो; त्याची विमाने बदलतात, माणसे तर दर काही वर्षांनी बदलत जातात. शेवटी त्याच्यापाशी कायमची अशी एकच वस्तू उरते, ती म्हणजे त्याचा क्रमांक. त्यासोबत एखादे टोपणनाव, बोधचिन्ह व बोधवाक्य असते: पहिला स्क्वाड्रन ‘टायगर्स’, तिसरा ‘कोब्राज’, चौथा ‘ओरिअल्स’, सहावा ‘ड्रॅगन्स’, सातवा ‘बॅटल ॲक्सेस’. संपूर्ण दलाचे बोधवाक्य गीतेच्या अकराव्या अध्यायातून घेतलेले आहे, पण वायुसैनिकाची ओळख दलापेक्षा क्रमांकाशी अधिक जडलेली असते.

या क्रमांकांचे कुलवृत्त किती गुंतागुंतीचे आहे हे सहाव्या स्क्वाड्रनवरून दिसून येते. १९४७ च्या फाळणीत सहावा व नववा हे दोन स्क्वाड्रन पाकिस्तानच्या वाट्यास गेले. भारताकडे हे क्रमांक रिकामे राहिले. १९५१ साली सहावा स्क्वाड्रन पुण्यास नव्याने उभारण्यात आला व त्यास समुद्रावरील टेहळणीसाठी लिबरेटर विमाने देण्यात आली. नववा १९६४ मध्ये पुन्हा उभा राहिला. तिकडे पाकिस्ताननेही हेच क्रमांक पुढे चालविले. म्हणजे महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर एकाच क्रमांकाखाली लढलेल्या माणसांचा वारसा दोन देशांतील दोन स्क्वाड्रन सांगू लागले. ज्या वऱ्हाडी तरुणाने १९४४ मध्ये अशा स्क्वाड्रनमध्ये काम केले असेल त्याचे पुनर्मीलन कोणत्या मेळाव्यात व्हावयाचे? फाळणीने प्रांत विभागले हे सर्वांस ठाऊक आहे. तिने अशा लहान लहान बिरादऱ्याही कायमच्या तोडल्या, याची नोंद इतिहासग्रंथांत फारशी आढळत नाही.

त्या पिढीची पांगापांग दुहेरी होती. युद्ध संपताच दलाची संख्या झपाट्याने घटविण्यात आली आणि हजारो माणसे नागरी जीवनात परतली. त्यांची सेवा थोडी, निवृत्तिवेतन नाही, आणि त्यांना एकत्र ठेवील अशी संस्थाही नव्हती. जानेवारी-फेब्रुवारी १९४६ मध्ये हवाई दलाच्या तळांवर सेवामुक्ती व वागणूक या प्रश्नांवरून संप झाले, आणि मुंबईतील हिंदी वायुसैनिकांनी नौसैनिकांच्या उठावास पाठिंबा दिला. नाविकांच्या त्या उठावास इतिहासात स्थान मिळाले, वायुसैनिकांचा भाग तळटिपेत राहिला. महायुद्धकाळात अकोल्यानजीक शिवणी येथे धावपट्टी झाली. तिच्याशी निगडित लोकस्मृतीही आता बोलणाऱ्यांअभावी अस्तंगत होत आहे.

क्रमांकाचे दुसरे वैशिष्ट्य असे की तो मरतो आणि पुन्हा जिवंतही होतो. विमाने जुनी होऊन सेवेतून गेली आणि नवी उपलब्ध नसली म्हणजे स्क्वाड्रन बरखास्त न करता त्याचा क्रमांक राखून ठेवतात. या क्रियेस दलात ‘नंबर-प्लेटिंग’ म्हणतात. १७ वा स्क्वाड्रन, ‘गोल्डन ॲरोज’, असा राखून ठेवलेला होता. १० सप्टेंबर २०१९ रोजी त्याचे राफेल विमानांसाठी पुनरुज्जीवन झाले. ४५ वा स्क्वाड्रन २००२ पासून असाच होता. १ जुलै २०१६ रोजी तो तेजस विमानांसह पुन्हा उभा राहिला. १८ वा २७ मे २०२० रोजी पुनरुज्जीवित झाला. मधल्या काळात या स्क्वाड्रनांस तळ नव्हता, विमान नव्हते, सेवेतील मनुष्य नव्हता. त्या वर्षांत हा स्क्वाड्रन अस्तित्वात होता असे म्हणावयाचे असेल तर तो केवळ निवृत्त माणसांच्या मेळाव्यांत व पत्रव्यवहारात होता, असेच म्हणावे लागेल. सरकारने क्रमांक फायलीत ठेवला, माणसांनी तो बोलता ठेवला.

याच दृष्टीने मिग-२१ विमानाच्या निरोपाकडे पाहता येते. १९६३ साली चंडीगड येथे २८ व्या स्क्वाड्रनपासून या विमानाची सेवा सुरू झाली. पुढे ओझरच्या कारखान्यात त्याची बांधणी होऊ लागली. आठशेहून अधिक मिग-२१ विमाने भारताने वापरली, आणि दोन पिढ्यांतील असंख्य वायुसैनिकांचे कसब त्याच्यावर घडले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथेच त्यास निरोप देण्यात आला, तेव्हा निवृत्त मंडळींची मोठी उपस्थिती होती. विमान गेले म्हणजे त्याच्या दुरुस्तीचे ज्ञानही निरुपयोगी होते. ज्या हातांना त्या इंजिनाचा प्रत्येक नट परिचित होता त्यांच्या ज्ञानाचे आता श्रोते केवळ तेच परस्परांना उरले आहेत.

(६) शोधाची साधने

वऱ्हाडासारख्या प्रदेशातील माजी वायुसैनिक मेळाव्याची जुळवाजुळव करतो ती कशी? साधनांचे तीन थर दिसतात. पहिला थर संस्थांचा. १५ सप्टेंबर १९८० रोजी स्थापन झालेली एअर फोर्स असोसिएशन, दिल्लीच्या सुब्रतो पार्कमधील अभिलेख कार्यालय आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ही तिची प्रमुख अंगे. परंतु या संस्थांचे दप्तर सेवाक्रमांक, दर्जा व जिल्हा यांनुसार लावलेले असते, मनुष्य कोणत्या वर्षी कोणत्या स्क्वाड्रनमध्ये कोणाबरोबर होता यानुसार नव्हे. पुनर्मीलनास हवी असलेली यादी तेथे तयार मिळत नाही.

दुसरा थर शासकीय कामाने नकळत घडविलेल्या भेटींचा आहे. निवृत्तिवेतनधारकास दर वर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. वर्षानुवर्षे त्यासाठी अमरावती-अकोल्याच्या बँकांतून रांगा लागत, आणि एका रांगेत उभ्या राहिलेल्या दोघांना परस्परांचा सेवाकाल कळत असे. १ एप्रिल २००३ पासून सुरू झालेल्या माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्ययोजनेच्या दवाखान्यांतील बाकेही याच उपयोगी पडली. कोण आजारी आहे, कोण वारले, कोणाचा मुलगा कोठे असतो, ही माहिती तेथेच जमते. २०१४ पासून हयातीचा दाखला घरबसल्या देण्याची सोय झाली. वृद्धांचे कष्ट त्याने वाचले, हे निःसंशय चांगले झाले. पण वर्षातून एकदा निश्चितपणे घडणारी भेटही त्याबरोबर संपत चालली आहे.

तिसरा थर व्यक्तिगत स्मृतीचा, आणि निर्णायक तोच आहे. एकाच तुकडीत भरती झालेले ते एका ‘एन्ट्री’चे, बेळगावजवळील सांबरा, बंगळूरचे जालहळ्ळी किंवा मद्रासनजीकचे तांबरम येथील शिक्षणकाळात एका खोलीत राहिलेले ते एका ‘बिलेट’चे. एक नाव सापडले की त्याच्याकडून दोन सापडतात. पूर्वी हे काम पोस्टकार्डावर चाले, आता दूरध्वनीवर चालते, पण पद्धत तीच. यादी पुरी होत आली म्हणजे स्थळकाळाचा प्रश्न येतो. मेळावा बहुधा जुन्या तळाजवळ किंवा रेल्वेच्या सोयीच्या गावी ठरतो. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा १६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाली. तोपर्यंत जन्मभर विमानांची निगा राखणारा अमरावतीचा मनुष्य मेळाव्यास जावयाचा तर बडनेरा जंक्शनवरूनच निघत असे.

या मंडळींची बोलीही अभ्यासास योग्य आहे. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडीची स्वतंत्र दखल घेतलेली आहे. ‘करून राहिलो’, ‘जाऊन राहिला’ ही वऱ्हाडीतील अपूर्ण काळाची रूपे हिंदीच्या रचनेस जवळची आहेत. त्यामुळे बराकीतील हिंदी वऱ्हाडी तरुणास पुणेरी तरुणापेक्षा सुलभ वाटावी हे साहजिक आहे. निवृत्तीनंतर अशा माणसाच्या बोलण्यात एकाच वाक्यात ‘स्नॅग’, हिंदी क्रियापद आणि वऱ्हाडी प्रत्यय एकत्र नांदतात. घरी तो वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ करून ‘डोया’, ‘काया’ म्हणतो आणि मेळाव्यात तोच मनुष्य आपल्या केरळी मित्राशी तीस वर्षांपूर्वीची बराकीची हिंदी सहजतेने बोलू लागतो. ही हिंदी कोणत्याही प्रांताची नाही, तिचे बोलणारे पांगलेले असल्याने मेळाव्याच्या दोन-तीन दिवसांपुरतीच ती पुन्हा सजीव होते. या दृष्टीने मेळावा म्हणजे एका भाषिक समूहाचे अल्पकालीन पुनर्वसन होय.

(७) उपसंहार

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, हवाई दलाची माजी सैनिकांमधील एकता ही पायदळासारखी समाजरचनेतून आपोआप येत नाही. ती कामाच्या स्वरूपातून उत्पन्न होते आणि प्रयत्नपूर्वक राखावी लागते. दुसरा, ज्यांच्यासाठी भाषेत शब्द नाही त्यांना गावाच्या स्मृतीत स्थान मिळणे कठीण जाते; म्हणून वऱ्हाडातील वायुसैनिक स्वतःच्या गावात अनोळखी आणि दूरच्या मेळाव्यात सुपरिचित, अशा विपरीत स्थितीत राहतो. तिसरा, स्क्वाड्रनचा अलिखित इतिहास सरकारी दप्तरात नसून या मेळाव्यांत आहे, आणि तो माणसांच्या आयुष्याएवढाच टिकाऊ आहे.

या तिसऱ्या निष्कर्षामुळे प्रश्नास तातडी प्राप्त होते. महायुद्धकालीन पिढी जवळजवळ संपली. १९६५ व १९७१ च्या युद्धांत तरुण असलेले वायुसैनिक आता ऐंशीच्या घरात आहेत. पूर्वी नऊ वर्षे नियमित व सहा वर्षे राखीव अशी सेवा, पुढे पंधरा व वीस वर्षांची सेवा, असा क्रम होता. तेवढ्या काळात माणसांची मुळे एका क्रमांकात रुजत. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत सेवेचा काळ चार वर्षांचा आहे, आणि त्यानंतर परतणाऱ्या बहुसंख्य तरुणांस निवृत्तिवेतन वा आरोग्ययोजना ठेवलेली नाही. त्यांना नोव्हेंबरची रांग नाही आणि दवाखान्याचे बाकही नाही. चार वर्षांत पुनर्मीलनाची ओढ लागेल एवढे नाते निर्माण होते किंवा कसे, हे पुढील काळच दाखवील.

तोपर्यंत विद्यापीठीय संशोधकास करण्याजोगे काम स्पष्ट आहे. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील माजी वायुसैनिकांच्या मुलाखती त्यांच्या स्वतःच्या बोलीत ध्वनिमुद्रित कराव्यात. त्यांचा कसबविषयक शब्दसंग्रह जमवावा. आणि मेळाव्यासाठी ही मंडळी ज्या नामावल्या सिद्ध करतात त्यांच्या प्रती, संबंधितांच्या संमतीने, ग्रंथालयात जतन कराव्यात. अशा नामावलीत एका स्तंभात नाव, दुसऱ्यात कसब, तिसऱ्यात स्क्वाड्रनमधील वर्षे आणि शेवटच्या स्तंभात पत्ता असतो. दिवंगतांच्या पत्त्याच्या जागी मृत्यूची तारीख लिहिलेली असते. पहिल्या मेळाव्याची यादी आणि दहाव्या मेळाव्याची यादी शेजारी ठेवून पाहिल्यास एका स्क्वाड्रनचा शेवटचा अध्याय तीत वाचावयास मिळतो. तो दुसऱ्या कोणत्याही दप्तरात लिहिला गेलेला नाही.